माथेरानची गाडी आणि तिची चार इंजिनं

स्मरणिका समितीने आधीच बजावलं होतं, "काका, बँकेतल्या आठवणी नकोत, त्या आम्ही गच्चीवर नेहमीच ऐकतो." तेव्हा आपल्या बदलापूरहून तिसऱ्या स्टेशनात, नेरळला, लोकलच्या शेजारी जी छोटी गाडी उभी असते तिच्याबद्दल लिहितो. निवृत्तीआधीची काही वर्षं माझी बदली त्याच भागातल्या शाखेत होती. बँक थोडीफार येईलच, त्याला इलाज नाही.

माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं १८५० साली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि पाठोपाठ बंगले उभे राहिले. पुढे मुंबईहून रेल्वे नेरळपर्यंत आली, पण वर जायला घोडा, डोली नाहीतर स्वतःचे पाय. असं सांगतात, की मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय एकदा नेरळला उतरले, त्यांना घोडा मिळाला नाही, आणि त्यांनी ठरवलं की इथे रेल्वेच बांधायची. खरं-खोटं देव जाणे. एवढं मात्र नक्की, की पैसा त्यांचा होता आणि काम अंगावर घेतलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये.

त्या काळचे सोळा लाख! हा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी काय शेरा मारला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकच गिऱ्हाईक गाव, तेही हंगामी, आणि पावसाळ्यात धंदा बंद. प्रस्ताव नामंजूर. बरं झालं, पैसा घरचा होता.

सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे तेच हे. (याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं, हेही जाता जाता सांगतो.) माथेरानचा डोंगर म्हणजे अवघड प्रकरण. आपल्या बोरघाटात मोठ्या गाडीला सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. इथे वीस फुटांमागे एक फूट. दात्यांचा रूळ न घालता एवढा चढ चढायचा तर रस्ता वळणावळणाने लांबवावा लागतो. म्हणून दोन फूट रुंदीचा रूळ डोंगराला वेढे घालत सुमारे वीस किलोमीटर फिरतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, मग माथेरान. मध्ये एकच छोटा बोगदा, त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. नावाचा अर्थ नातवंडांनी विचारला तर ज्याने त्याने आपापलं बघावं.

पण खरी गंमत इंजिनांची. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार वाफेची इंजिनं बनवली, क्रमांक ७३८ ते ७४१. प्रत्येकाला सहा चाकं, म्हणजे तीन आस. आता बघा, लांब आणि जड इंजिन आखूड वळणावर गेलं की कडेची चाकं रुळावर घासतात, नाहीतर वर चढून रूळ सोडतात. बैलगाडी अरुंद बोळात वळवताना होते तशीच अडचण. यावर उपाय म्हणून कडेचे दोन्ही आस पोकळ केले. आत सरळ दांडा, बाहेर नळीसारखा आस, आणि चाकं त्या नळीला. दांडा जागेवर राहतो, नळी चाकांसकट थोडी तिरकी होते आणि वळण घेते. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. या इंजिनांनी सत्तरहून जास्त वर्षं हा डोंगर चढला.

१९५० च्या दशकात जर्मनीहूनच डिझेल इंजिनं आली आणि १९८० च्या दशकात नेहमीच्या गाडीवरची वाफ संपली. चार इंजिनांपैकी ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७३९ माथेरानला, ७४१ नेरळला उभं आहे. ७४० मात्र परदेशी गेलं आणि इंग्लंडमध्ये लेटन बझर्डला पोचलं. तिथे पूर्वी वाळू वाहणारी एक छोटी रेल्वे आहे, ती हौशी मंडळी रजेच्या दिवशी राबून चालवतात.

रंगवून चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन पाहिलं की आपल्याला वाटतं, वारसा जपला. मला ते पुरतं पटत नाही. इंजिनाला वर्षातून एकदा रंग लागतो; रुळाला रोज माणूस लागतो. हे मला कळलं २००५ च्या पावसानंतर.

२६ जुलै आपल्यापैकी कोण विसरेल? आपल्या इमारतीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि तळमजल्याचे मीटर पाण्याखाली होते. त्याच पावसाने माथेरानचा रूळ जागोजागी वाहून नेला. काही दिवसांनी शाखेत एक निवृत्त कीमन पेन्शन घ्यायला आले. कीमन म्हणजे रोज रुळावरून चालत चाव्या ठोकणारा, सैल काय झालं ते बघणारा माणूस. मी म्हटलं, "मामा, आता गाडी संपलीच म्हणायची." ते म्हणाले, "सायेब, रूळ काय वाहत नसतो. आधी मोरी तुंबते, मग पाणी भरावात शिरतं, मग भराव जातो. रूळ नुसता लोंबकळत ऱ्हातो. मोऱ्या साफ ठेवा, गाडी शंभर वर्षं चालंल." मोरी म्हणजे रुळाखालून पाणी काढून देणारा छोटा पूल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून आपल्या सर्वसाधारण सभेत जी भांडणं होतात, त्या दर वेळी मला हे मामा आठवतात.

गाडी २००७ मध्ये, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, परत सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरले आणि पुन्हा बंद. एअर ब्रेक बसवले, दरीच्या कडेला कठडे घातले, आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळहून गाडी सुटली. २०१९ च्या पावसात पुन्हा भराव गेले. जाळीत दगड भरून भिंती बांधल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू. एखाद्या खात्याचं इतक्यांदा पुनर्गठन झालं असतं तर मुख्य कार्यालयाने केव्हाच बुडीत धरलं असतं.

मग चालू का ठेवतात? दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. माथेरानचं नाव अजून संभाव्य यादीतच आहे. तो मान मिळाला तर आनंदच. पण माझ्या मते गाडी टिकली ती वरच्या गावामुळे. माथेरानला मोटारी चालत नाहीत, त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे घोडा, पायपीट किंवा अमन लॉजहून ही गाडी. म्हातारं माणूस असो की शाळकरी पोर, त्यांच्यासाठी ती सहल नसते. गाडी बंद पडली की वरचे हॉटेलवाले, हमाल, दुकानदार ओरडतात, आणि ते ओरडतात म्हणून निधी निघतो. बार्शीची छोटी गाडी गेली, तिथे मोठा रूळ आला, आणि मला त्याचं दुःख नाही. पंढरपूरला जाणाऱ्याला वेळेवर पोचायचं असतं. माथेरानच्या वळणांवर मोठा रूळ बसतच नाही, हे त्या छोट्या गाडीचं नशीब.

सहल समितीला एक विनंती. पुढची सहल दिवाळीनंतर ठेवा. पावसाळ्यात नेरळहून वर गाडी नसते, फक्त अमन लॉज ते माथेरान असते. नेरळला ७४१ क्रमांकाच्या इंजिनापाशी मुलांना पाच मिनिटं थांबवा, पोकळ आसाचं मी समजावून सांगेन. तिकिटाच्या रांगेतही मीच उभा राहतो, फक्त सकाळची पहिली लोकल पकडायची तयारी सगळ्यांनी ठेवावी.