महदी: दौलताबादेच्या वाटेवरचा आणि अराकिसवरचा

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या विज्ञानकादंबरीत अराकिस या वाळवंटी ग्रहावरचे लोक पॉल अट्रायडिस या परक्या तरुणाला ‘महदी’ मानतात. हा शब्द दूरच्या अरबस्तानातला, असे आपण समजतो. पण आमच्या शहराजवळच्या दौलताबादेला तो पाच शतकांपूर्वीच ठाऊक झाला होता.

जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) मक्केला जाताना दौलताबाद आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गाने गेले, असे महदवी परंपरा सांगते. मक्केत त्यांनी आपण महदी असल्याचे घोषित केले. शिकवण मात्र विरक्तीची: दायऱ्यात एकत्र राहावे, मिळेल ते सारखे वाटून घ्यावे, संचय करू नये. त्यांच्या निधनानंतर ८४ वर्षांनी, १५८९ मध्ये, जमालखान हा महदवी सरदार निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. मिर्झाखान या परदेशी सरदाराने सुलतान मिरान हुसेनचा काटा काढला होता. त्याविरुद्ध दख्खनी व हबशी सैन्य जमालखानामागे उभे राहिले आणि नगरात परदेश्यांची कत्तल झाली. गादीवर अल्पवयीन इस्माईल. राजाश्रय महदवी पंथाला. हिजरी सहस्रक पुरे होत आले होते, तारणहाराची प्रतीक्षा अनेकांच्या मनात होती. १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला. इस्माईलचा बाप बुऱ्हाण गादीवर आला आणि महदवींचे दिवस फिरले. (हा वृत्तांत मुख्यतः फिरिश्त्याचा, आणि तो स्वतः परदेश्यांपैकी, हे विसरू नये.)

जमालखानाला केवळ ढोंगी ठरवणे आम्हांला पटत नाही. श्रद्धा आणि सत्ताकांक्षा त्याच्यात बहुधा वेगळ्या नव्हत्याच. पण सय्यद मुहंमदांना त्या कत्तलीचा जाब कोण विचारणार? ते केव्हाच फराहच्या मातीत विसावले होते.

पॉलला ही सवलत नाही. अराकिसवरची भविष्यवाणी बेने गेसेरिट या भगिनीसंघाने पेरलेली आहे, हे तो जाणतो. आपल्या नावाने पेटणारे धर्मयुद्ध त्याला आधीच दिसते, आणि तरीही जीव वाचवण्यासाठी व बापाचा सूड घेण्यासाठी तो त्याच श्रद्धेचा आधार घेतो. त्याच्या पश्चात्तापाने हेलावणारे वाचक हा क्रम सोयीस्करपणे विसरतात. ‘ड्यून मसीहा’मध्ये (१९६९) तो ६१ अब्ज मृतांचा हिशेब मांडताना चंगीझखान आणि हिटलर यांचे दाखले देतो. समोर बसलेल्या एकनिष्ठ स्टिलगारला हिटलरचा आकडा किरकोळ वाटतो.