शिदोरीतली भाकर

वाचकहो, पंढरीची वाट चालणारा वारकरी म्हटला की खांद्यावरची पताका, गळ्यातले टाळ, माउलीच्या डोईवरचे तुळशीवृंदावन आपल्या डोळ्यांपुढे येते. काखेतली पडशी मात्र आठवत नाही. तिच्यात काय बांधलेले असे, ते आज पाहू.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांच्या सोहळ्याला स्वतंत्र रूप आणि शिस्त दिली. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एवढ्या वाटेचे शिजवलेले अन्न कोण वाहणार? म्हणून शिधा वेगळा आणि शिदोरी वेगळी. शिधा मुक्कामी चुलीवर चढायचा, शिदोरी झाडाखाली सोडायची.

शिदोरीत तेल जवळजवळ नसेच. त्याला वैराग्य म्हणण्याची घाई नको. तेल घाण्याचे, मोलाचे. दिव्यालाही तेच लागे. तळलेले टिकते खरे, पण चालणाऱ्याला तहान लावते आणि दुपारच्या मजलीला पाय जड करते. सोलापूरकडची कडक भाकरी पाहा. ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर भाजून निखाऱ्यावर कडक केलेली. तेलाचा थेंब नाही, तरी कित्येक दिवस टिकते. ताकात नाहीतर आमटीत कुस्करली की जेवण झाले. दूधात पीठ मळून केलेली दशमी मऊ राहते, म्हणून ती दात नसलेल्यांसाठी. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि गुळाचा खडा तर चालता चालता खाता येतो. भाजलेल्या धान्याचे सातूचे पीठ पाण्यात गुळाबरोबर कालवले की विस्तवही लागत नाही.

इथे एक गंमत सांगतो. ज्ञानोबारायांच्या काळातल्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इकडे आले ते १४९८ नंतर. तिखटाला तेव्हा मिरी. बटाटा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. म्हणजे तुपात माखलेली साबुदाण्याची खिचडी हा एकादशीचा सनातन फराळ नव्हे. भगर, शिंगाडा आणि ताक यांचा मान तिच्याहून जुना. हे ऐकून कुणी रागावले तर रागावो.

शिदोरी म्हटली की आवलीमाताही आठवते. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात रमलेले, आणि ती संसाराच्या नावाने बोटे मोडत, पण भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढते आहे. तिच्या पायात काटा रुतला तो विठोबाने काढला, अशी कथा संप्रदायात सांगतात. कीर्तनात आम्ही काट्यावर पुष्कळ बोलतो. फडक्यातल्या भाकरीवर कमी बोलतो.

भागवताच्या दशम स्कंधात गोपाळ घरून शिंकी बांधून रानात निघतात, एकमेकांची शिंकी पळवतात, आणि मग यमुनेच्या वाळूवर सगळे सोडून बसतात. मध्ये कृष्ण, डाव्या हातात दहीभाताचा घास. कोणाच्या घरचे काय, याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही. आपला काला तो हाच. ज्या समाजात कोणाच्या हातचे खावे याचे नियम पाण्याच्या घड्यापर्यंत होते, तिथे वाळवंटात शिदोऱ्या एकत्र कालवणे ही लहान गोष्ट नव्हती.

हल्ली वाटेवर दाते वडे, भजी, फरसाणाच्या पुड्या वाटतात. त्यांचा भाव मोठा, त्याला नमस्कार. पण दिंडीत साठी-सत्तरीची माणसे फार, आणि मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या पडशीत असतात. दात्यांनो, एक वर्ष कढई बाजूला ठेवा. कडक भाकरी, फुटाणे, केळी द्या. पातळ ताकाचा रांजण ठेवा. आणि घरच्या लेकीसुनांनो, निघणाऱ्याला बांधून द्याल तेव्हा चार भाकरी जास्त बांधा. शेजारच्या दिंडीतल्या कुणाला तरी त्या लागतील.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या आणि दही एका हातातून दुसऱ्या हातात जातात, कोण कोणाच्या मुखात घास घालतो ते कळत नाही. मग रिकाम्या पडशा खांद्याला लावून पालख्या परत फिरतात.