बैलाची आड

दबा म्हटला कीं झुडूप किंवा खड्डा डोळ्यांपुढें येतो. परंतु औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांतील वैजापूरकडच्या उघड्या माळांवर तीक्ष्ण नजरेच्या काळविटापासून लपावें कोठें? पारध्यांतील ‘गायके’ शाखेनें यावर तोड काढली. शिकविलेल्या बैलाच्या आडून ते कळप गांठीत. मोगलांचे चित्तेही बैलगाडींतून कळपाजवळ नेले जात. कारण शेतकऱ्याच्या बैलास हरिण बुजत नाहीं. युक्ति एकच, पण बादशहाची ती मृगया ठरली, आणि पारध्यांवर मात्र १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा शिक्का पुढें बसला. तो १९५२ सालीं कागदावर पुसला गेला. १९७२ च्या कायद्यानें काळविटास अभय मिळालें, हें उचितच झालें; पारध्यास तें समाजाकडून मिळावयाचें अद्याप राहिलें आहे, असें आम्हांस वाटतें.