गावात कुणाला कॅन्सर झाला, तर गावाने काय करावं?
राधानगरीसारख्या डोंगरी तालुक्यातल्या कुटुंबाला कॅन्सरच्या मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. वर्गणी काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. कागदपत्रांसाठी तिथले आरोग्यमित्र मदत करतात.

मग वर्गणी कशासाठी? वारंवारचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांसाठी. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्यांना राहण्यासाठी दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेचाही आधार आहे.

केमोथेरपीत प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, म्हणून रक्तदात्यांची यादी तयार ठेवा. घरची जनावरं आणि शेतीची कामं शेजाऱ्यांनी वाटून घेतली, तर घरच्यांना निर्धास्तपणे रुग्णाजवळ थांबता येतं आणि उपचार अर्धवट सुटत नाहीत.