लिनक्सवरील डिजिटल कॅमेऱ्याची उपकरण-परवानगी

लिनक्सवरील डिजिटल कॅमेऱ्याची उपकरण-परवानगी ही यूएसबी तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याशी संगणकाच्या कोणत्या वापरकर्त्याला संवाद साधता येईल, हे ठरवणारी व्यवस्था होय.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे 'डेव्ह' निर्देशिकेत फाइलच्या रूपाने दिसतात. कॅमेरा जोडताच अशी फाइल निर्माण होते आणि तिची मालकी 'रूट' या प्रमुख वापरकर्त्याकडे असते. इतरांना ती सामान्यतः केवळ वाचता येते. परंतु पीटीपी या चित्र-हस्तांतरण पद्धतीत छायाचित्र मागवण्यासाठीही कॅमेऱ्याला आज्ञा धाडावी लागते; म्हणजे लेखनाचा अधिकार लागतो. त्यामुळे 'एलएसयूएसबी' ही आज्ञा कॅमेऱ्याचे नाव दाखवते, छायाचित्रे मात्र उतरत नाहीत. नवख्यास तार बिघडल्याचा भ्रम होतो. जे कॅमेरे साठवण-चकती म्हणून जोडले जातात, त्यांना हा प्रश्न येत नाही.

नियमांची रचना

२००३ मध्ये आलेली 'यूडेव्ह' ही प्रणाली उपकरण जोडले जाताच नियमांच्या फाइली वाचून परवानगी ठरवते. नियमात उत्पादकाची ओळखसंख्या देता येते. ती कॅननची ०४ए९, तर निकॉनची ०४बी० आहे. पूर्वी कॅमेरा 'प्लगडेव्ह' किंवा 'कॅमेरा' अशा गटाकडे सोपवून वापरकर्त्यास त्या गटात घालत. गटात घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो, हे हमखास विसरले जाते. आता 'यूअॅक्सेस' ही खूण वापरतात. तिच्यामुळे प्रत्यक्ष संगणकासमोर बसलेल्या वापरकर्त्यालाच अधिकार मिळतो. ही खूण देणाऱ्या फाइलचा क्रमांक ७३ च्या आधीचा असावा, अन्यथा नियम निष्फळ ठरतो. 'लिबजीफोटो२' या संग्रहासोबत असे नियम तयार मिळतात.

०६६६ ही परवानगी देऊन सर्वांना मोकळीक देणे सोपे, पण अयोग्य आहे. अनेक विद्यार्थी वापरतात त्या संगणकावर दूरस्थ प्रवेश केलेला कोणीही मग कार्डावरील चित्रे पुसू शकतो. रूट होऊन चित्रे उतरवल्यास त्या फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढे अडचण येते.

परवानगी योग्य असूनही कॅमेरा ताब्यात घेता येत नसल्याचा संदेश आल्यास, बहुधा डेस्कटॉपच्या फाइल-व्यवस्थापकाने तो आधीच जोडून घेतलेला असतो. तेथून तो विलग करावा. नियम बदलू नयेत.

हस्तलिखितांचे छायाचित्रण

धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचा संग्रह असलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. अशा संग्रहांतील जीर्ण पाने टिपताना कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून संगणकावरून कळ दाबणे हितावह असते: कॅमेरा हलत नाही आणि चित्र तत्काळ पडद्यावर मोठे करून मोडीची अक्षरे स्पष्ट आली की नाही, हे पान उलटण्यापूर्वीच तपासता येते. 'जीफोटो२' हे काम करते, मात्र कॅमेऱ्याच्या प्रतिमानाने तशी सोय दिलेली असावी लागते. तशी सोय असल्यास, परवानगी आदल्या दिवशीच तपासलेली बरी. नाजूक पोथी पुन्हा पुन्हा उघडणे परवडत नाही.