पायाच्या उघड्या अस्थिभंगाची चिकित्सा : यशाच्या कसोटीचा इतिहास

पायाचे हाड मोडून त्याचे टोक कातडीबाहेर आले असता त्या पायाचे काय करावयाचे, हा शल्यचिकित्सेतील फार जुना प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचे रूढ उत्तर अंगच्छेद हेच होते. ते निर्दयपणाचे होते असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. उघडी जखम सडली की रोगी बहुधा दगावे. तेव्हा पाय देऊन प्राण राखण्याचा हिशेब त्या काळच्या अनुभवास धरूनच होता.

१७५६ साली लंडनचा नामांकित शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडला व त्याच्या पायाचे हाड कातडी फोडून बाहेर आले. हलविल्याने इजा वाढेल हे जाणून तो रस्त्यावरच पडून राहिला. त्याने पालखी वाहणारे भोई बोलावले, एक दार विकत घेतले, त्याला दांडे ठोकविले आणि त्यावर निजून तो घरी गेला. अंगच्छेदाची हत्यारे मांडून झाली होती. इतक्यात त्याचे गुरू एडवर्ड नर्स येऊन पोहोचले. त्यांनी पाय राखून पाहण्याचा सल्ला दिला, आणि पाय वाचला. (घोट्याजवळच्या ज्या अस्थिभंगास पुढे पॉटचे नाव मिळाले तोच त्याला झाला होता, असे पुष्कळदा लिहिले जाते, त्याचा जावई अर्ल याचा वृत्तान्त या समजास पुष्टी देत नाही.) अंथरुणावरील त्या सक्तीच्या विश्रांतीत पॉटने ग्रंथलेखन आरंभिले.

पॉटच्या बाबतीत जे सुदैवाने घडले त्याला पद्धतीचे रूप जोसेफ लिस्टरने दिले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. पाश्चरच्या संशोधनाने प्रभावित झालेल्या लिस्टरने जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली. जखम सडली नाही, आणि सहा आठवड्यांत हाड सांधले. १८६७ साली त्याने अशा अकरा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी नऊ जणांचे पाय वाचले होते. येथे यशाची कसोटी पालटली. आतापर्यंत रोगी जगला की नाही हे पाहिले जाई. यापुढे हाड सांधले की नाही हे पाहिले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धातील टॉमसची पट्टी, १९३९ साली क्युन्शरने हाडाच्या पोकळीत बसविलेला खिळा, इलिझारोव्हची वर्तुळाकार चौकट, हे सारे याच वाटेवरील टप्पे होत.

रोगी घरी गेल्यावर कसा जगतो, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ रुग्णालयाच्या दाराबाहेरच राहिला. चालणे, झोप, घरकाम, मनःस्थिती यांची प्रश्नावलीने मोजणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ झाली. अमेरिकेतील आठ आघातकेंद्रांत ५६९ रुग्णांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शल्यवैद्यांच्या अभिमानास धक्काच बसला. दोन वर्षांनंतर पाय राखलेले आणि पाय कापलेले यांच्या एकंदर कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. पाय राखलेल्यांपैकी ४९.४ टक्के, तर अंगच्छेद झालेल्यांपैकी ५३ टक्के कामावर परतले होते. उलट पाय राखलेल्यांना गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात अधिक वेळा यावे लागले.

यावरून अंगच्छेदच बरा असे अनुमान काढणे घाईचे होईल. त्या पाहणीचा अधिक मोलाचा भाग निराळाच आहे. ज्यांची स्थिती वाईट राहिली त्यांच्यात दारिद्र्य, अल्पशिक्षण, खाजगी विम्याचा अभाव, आप्तस्वकीयांचा तुटपुंजा आधार आणि स्वतःवरील अविश्वास ही कारणे आढळली. कोणती शस्त्रक्रिया झाली यापेक्षा त्यांचा प्रभाव अधिक दिसला. या दृष्टीने पॉटची कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. दार विकत घेण्याइतका पैसा, ऐन वेळी धावून येणारा गुरू, आणि अंथरुणावर पडूनही चालविता येणारी लेखणी ही त्याच्यापाशी होती. त्याच रस्त्यावर एखादा हमाल पडला असता, तर त्याच्यापाशी यांतील एकही नसते.