डोंगरवाट आणि पाणी

माणिकपुराहून पूर्वेकडे दृष्टि टाकली म्हणजे तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. श्रावणांत हिरवेगार असणारे हे डोंगर वैशाखांत इतके रुक्ष होतात कीं, पायीं जाणाऱ्यास मरुभूमीचीच आठवण व्हावी. सह्याद्रीवर पाऊस विपुल पडतो. परंतु तेथील काळा कातळ तें पाणी फारसें धरून ठेवीत नाहीं. अशा मुलखांतून दोन हजार वर्षांपूर्वीं व्यापाऱ्यांचे तांडे कसे चालत असतील?

माणिकपुराच्या उत्तरेस जवळच सोपारें आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाहि त्याच वर्षीं उजेडांत आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत या बंदराचा उल्लेख आहे. घाटमाथ्यावरील माल नाणेघाटानें कोंकणांत उतरे आणि अशा बंदरांतून मिसर देशाकडे जाई. तेथें बेरेनिके बंदरापासून नाईल नदीवरील कॉप्टॉस शहरापर्यंत उंटांचे तांडे खऱ्याखुऱ्या वाळवंटी डोंगरांतून चालत. हा प्रवास बारा दिवसांचा असून उन्हामुळें बहुतेक रात्रींच होई व मुक्काम पाण्याच्या सोयीवरून ठरत, असें प्लिनी सांगतो. त्या विहिरींवर रोमन शिपायांचे पहारे असत. वाटसरूंकडून घ्यावयाच्या कराचें इ. स. ९० मधील दरपत्रकहि कॉप्टॉस येथें दगडावर कोरलेलें सांपडलें आहे.

आमच्या घाटांतहि जकात होतीच. नाणेघाटांतील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवितात. परंतु पाण्याच्या सोयीमागें येथें आणखीहि एक प्रेरणा दिसते. वसईच्या खाडीपलीकडे कान्हेरीच्या डोंगरांत कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या सोनारानें पाण्याची ‘पोढी’, म्हणजे खडकांत खोदलेलें टाकें, दान दिल्याचा लेख आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें सोपारें येथें धर्मशाळा बांधली, कित्येक नद्यांवर मोफत नावा ठेविल्या आणि त्यांच्या तीरांवर ‘प्रपा’, म्हणजे पाणपोया, घातल्या, असें नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतो.

आम्हीं कॉलेजांत वर्षानुवर्षें नाणेघाट शिकविला. राणी नागनिकेच्या लेखांतील यज्ञ आणि दक्षिणा मुलांकडून पाठ करून घेतल्या. त्या लेण्याजवळच्या पाण्याच्या टाक्यांविषयीं मात्र चकार शब्द काढला नाहीं. पुढें ऐन उन्हाळ्यांत तो घाट स्वतः चढलों, घशाला कोरड पडली, तेव्हां आपण इतिहासाचा किती भाग गाळला हें आम्हांस समजलें. राजानें वाट राखली असेल; पण तिच्यावरून माणूस चालूं शकला तो या टाक्यांच्या बळावर.

आज तरुण मंडळी हौसेनें गडघाट चढतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कित्येक टाकीं गाळानें बुजलीं आहेत आणि कांहींत रिकाम्या बाटल्या तरंगतात. पुढील सहलींत मंडळींनीं एका टाक्याचा जरी गाळ उपसला, तरी सामिदत्ताच्या दानांत त्यांचाहि वांटा पडेल.